उत्तरेस

बेलापूर, सहावा मजला, खिडकी क्रमांक चार.
काचेपलीकडे चांगुणा मढवी, राहणार गोठिवली,
पिशवीत पाण्याची बाटली, रेशनकार्ड,
आणि बापाचा फोटो, ज्याच्यामागे काहीच लिहिलेलं नाही.

"आमचा शेत व्हता खारीला. चिचंचा झार व्हता बांदाला.
माजे बापाचा नाव जोमा. त्याचा कागद काढ गो."

माझ्यापुढे एक पांढरी चौकट, बोटभर रुंद.
नवीन होते तेव्हा तिच्यात अख्खं वाक्य घालायचे,
अर्ज लिहिल्यासारखं, कृपया वगैरे,
आणि ती माझ्या अंगावर लाखभर कागद टाकायची,
एकेक कुठल्या तरी 'आहे'ला, कुठल्या तरी 'चा'ला भुलून आलेला.

आता एवढं कळतं:
आपल्याला काय हवंय, ते लिहायचं नसतं.
कागद स्वतःला काय म्हणत असेल, ते लिहायचं.
कागद शेत म्हणत नाही, मिळकत म्हणतो.
गेली म्हणत नाही, संपादित म्हणतो.
बापाला म्हणतो खातेदार, मयत.

म्हणून आजी बोलते आणि मी मनात खोडत जाते:
आमचा. व्हता. बाप. चिंच.
उरतं ते टाइप करते.
जोमा मढवी गोठिवली.

निकाल शून्य.

मग आठवायचा तो पोरगा, ज्यानं ही यादी संगणकात चढवली.
पानामागे दीड रुपया, दिवसाला दोनशे पानं,
संध्याकाळी मोडी वळणाचा जो आणि सो त्याला सारखाच.
त्याच्या बोटांनी चुकून बघायचं.
जोम्या. झोमा. सोमा.
मडवी, माढवी, मधवी.
गोठवली. गोठीवली, ठी दीर्घ.
आडनाव गाळून. गाव गाळून.
साल बहात्तर ते शहात्तर.
अकरा सोमा निघाले, सगळे परक्यांचे.

रांग खोकते. कुणीतरी म्हणतं, जेवणाची सुट्टी होईल आता.

मी कीबोर्डवरून हात काढते.
"आजी, शेजारी कोण होतं?"

ती खुर्चीत सरळ होते.
"लडकू कान्हा केणी! मेला दर सालाला हातभर बांद कोराचा.
त्याचा नाव मी इसरंन काय?"

बापाचं नाव माणूस अर्धं सांगतो,
वैऱ्याचं तीन पदरी.

लडकू कान्हा केणी. निकाल एक.
खरेदीखत, शाईला ओल लागलेली, खाली चतुःसीमा:
पूर्वेस बांधबंदिस्ती, पश्चिमेस खाडी,
दक्षिणेस गाडीवाट,
उत्तरेस जोमा हिरू यांची मिळकत,
सर्व्हे नंबर एकशे चौदा.

नंबर टाकला आणि निवाडा उघडला.
नावाच्या रकान्यात जीमा हरी माळवी.
म्हणजे हा माणूस स्वतःच्या कागदावर दुसराच कुणी होता
आणि ज्याच्याशी जन्मभर भांडला
त्याच्या कागदावर तेवढा नीट राहिला.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवते. तिला वाचता येत नाही,
मीच वाचते. क्षेत्र. आकार. प्रतवारी.
झाडे: चिंच, फळती, नग एक.
रुपये पस्तीस.

मघाशी मी खोडलेला शब्द
सरकारी अक्षरात, किंमत लावून.

"चिच लिवलीय?"
"लिहिलीय, आजी."

ती काचेला नाक लावून बघत राहते.
मग पदर तोंडाशी नेते, आणि मला वाटतं रडतेय,
तर ती हसत असते.
"ती चिच त लडक्याची व्हती गो."

मी प्रिंट काढते. खरी नक्कल, शिक्का, तारीख.
नाव दुरुस्तीचा अर्ज वेगळा, खिडकी क्रमांक सात.
ती कागदाची घडी घालत नाही,
ओल्या पापडासारखा दोन हातांवर धरून नेते.

चौकट पुन्हा पांढरी. आत एक उभी रेघ, लुकलुकती.

पुढचा माणूस वाकतो.
"मॅडम, तुर्भ्याला आमची एक जागा होती, म्हणजे काय झालं..."

"शेजारी कोण?" मी विचारते.