पिठाच्या पोत्यावरचा साप

अक्राच्या पुढे, तेशीच्या किनाऱ्यावर
लार्येआ पिठाची दोन पोती उसवून जोडायचा
आणि त्यांवर रात्रीचा सिनेमा रंगवायचा,
सिनेमा न बघताच.
व्हिडिओवाला एवढंच सांगून जायचा:
मारामारी आहे, एक बाई आहे,
बाकी तू बघ.

बाकी म्हणजे साप.
दुतोंडी, हिरवा, बाईच्या खांद्यावरून
थेट आमच्याकडे बघणारा.
नायकाच्या छातीतून मात्र
पीठगिरणीचा शिक्का दिसत राहायचा.

जनरेटर धडधडायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या,
आम्ही वाळूत मांडी ठोकून
सापाची वाट बघायचो.
यायचा नाही.
कोर्कोई एकदा रडत पैसे परत मागायला गेली.
व्हिडिओवाला म्हणाला,
टेप घासलीय पोरी, साप होता तिथेच.

परवा तिनं टोरांटोहून फोन केला.
तोच सिनेमा सापडला म्हणे,
स्वच्छ, अख्खा.
"पाहिलास?"
"दोनदा."
"मग?"

बराच वेळ नुसता तिच्या हीटरचा आवाज.

"कापलाय रे," म्हणाली,
"साप कापलाय त्यांनी."