प्रकरण दुसरे : तात्त्विक बैठक

शेडबाळे सर म्हणाले, बैठक कच्ची आहे.
आकडे ठीक, तक्ते ठीक,
पण कंपनी जबाबदार असते म्हणजे
नेमकं कोण असतं, ते आधी ठरवा.
मी मान डोलावली
आणि कुपवाडच्या एमआयडीसीत परत आले,
एकशे वीस प्रश्नावल्या, दोन पेनं,
स्कूटीच्या डिकीत अर्धी भाकरी.

फाउंड्रीत बेडकिहाळ साहेबांनी चहा मागवला.
मागे भिंतीला टेकून चेक : पुठ्ठ्याचा, माणसाएवढा.
'नफ्याच्या दोन टक्के. एक पैसा कमी नाही.'
मी विचारलं, कायदा नसता तर?
त्यांनी बिस्कीट बुडवलं, ते तुटलं.
चमच्यानं ते बाहेर काढण्यात
बराच वेळ गेला त्यांचा,
माझ्या रकान्यात 'लागू नाही' एवढंच बसलं.

ओढ्यापलीकडच्या शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र.
नळ बोटभर, पाटी हातभर.
शमशाद मुजावर तिथे पोरांची खिचडी शिजवतात.
विधान सात, मी वाचलं :
कंपनीचे समाजाला देणे समाधानकारक आहे.
पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ...
त्यांनी गॅस बारीक केला.
'देणं म्हणजे कुठलं, बाई?
दिलेलं, का द्यायचं राहिलेलं?'

तीन वर्षं मी ते वाक्य लोकांना वाचून दाखवत होते.
इंग्रजीतून मराठी मीच केलेलं.
एका शब्दाच्या पोटात
दान आणि कर्ज एकाच वाकळेखाली निजलेत
हे दिसलं नव्हतं मला.
'हिरीला वास यायला लागला त्याला झाली चार वर्षं,
मशीन आलं त्याला दोन.
मधली दोन कुठल्या खान्यात बसवता?'
मग झाकण ठेवत स्वतःच म्हणाल्या,
'पाणी गोड आहे पण. सहमत लिवा.'

संध्याकाळी हरिपूरला, बाळगोंडा आण्णांकडे.
पेवांवर हमाली केलेला माणूस.
जमिनीच्या पोटात हळद, वर माती,
मातीवर पाटी नाही.
'पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतंय.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला तर थांबायचं.'
हा नियम कुठे लिहिला होता?
ते हसले. 'इझलेला कंदील वर आला
की वाचता येतोय की.'
आणि व्यापाऱ्याला घाई असली तर?
'होता एक. म्हणाला, उतर, दुप्पट देतो.
मुकादमानं दोर त्याच्याच हातात दिला.
शेट, आधी तुम्ही.'
उतरला?
'वाकून बघितलं त्यानं. लई वेळ.
मग म्हणाला, उद्या.'
निघताना माझ्या मुठीत एक हळकुंड ठेवलं.

रात्री प्रकरण दुसरे उघडलं.
काही विद्वान म्हणतात, कंपनी ही कागदावरची व्यक्ती,
तिला मन कुठलं, मग पाप तरी कुठलं.
काही म्हणतात, बारा जण टेबलाभोवती बसून ठरवतात
ते मनच.
दोघांनाही मी तळटीपा दिल्यात, सारख्या लांबीच्या.
मग लिहिलं :
खाली कोण उतरतं आणि दोर कोण धरतं,
प्रश्न एवढाच.
संदर्भ कुठला देणार? खोडलं.

सरांची सूचना समासात तशीच आहे,
विधान सातमध्ये 'देणे' ऐवजी 'योगदान' घाला,
संदिग्धता जाईल.
जाईल. सगळीच जाईल.
शब्दाच्या मागे कर्सर लुकलुकतो आहे,
अजून विझलेला नाही.

बोटांना हळदीचा वास.
एकशे वीस जणांकडे पुन्हा जायचं
तर पेट्रोल किती लागेल,
प्रश्नावलीच्या पाठकोऱ्या बाजूवर
मांडून बघते आहे.