बारा दिवसांची रजा

पासपोर्ट माझ्याच थैलीतून आला.
नत्थूकाकांनी अर्जुनीहून सायकलवर आणली थैली,
मी सील तोडलं, यादी ताडली
आणि स्पीड पोस्टाच्या वहीत
देणारी म्हणून एक सही केली, घेणारी म्हणून एक.
दोन्ही सह्या थोड्या वेगळ्या आल्या.

हेमकला ब्राम्हणकर, शाखा डाकपाल, खैरीटोला.
खोली आठ बाय दहा, वजनकाटा, एक टेबल,
खिडकीतून बोडी, बोडीत शिंगाड्याचे वेल.
रजेच्या अर्जात कारण लिहिलं : घरगुती.
गावाला सांगितलं : नागपूरला ट्रेनिंग.
खरं फक्त भावाला, आणि तेही
मोटारसायकल चालू असताना, पाठीमागून.

तिकडे जहाजांचा कारखाना आहे.
साकोलीच्या आयटीआयतून निघालेला डिलेश
तिथं लोखंडाला लोखंड जोडतो.
तीन वर्षं मी त्याला बोटभर पडद्यावर पाहिलं.
आमच्याकडे दिवेलागण, त्याच्याकडे जेवणाची सुट्टी,
मधले साडेचार तास
दोघांपैकी कुणीच जगलं नाही.

विमानतळावरच्या साहेबानं शिक्का मारला.
तारीख पुसट, कडा उमटलेलीच नाही.
असा मी मारला असता
तर निरीक्षकानं पत्र काढलं असतं.

खोलीत चौघे राहतात.
डिलेश, दोन नेपाळचे, एक सिवानचा.
तिघांनी न बोलता अंथरुणं उचलली,
बारा दिवस वरच्या मजल्यावर दाटीवाटीनं झोपले.
सिवानचा मला शेवटपर्यंत भाभीच म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

त्याला सुट्टी मिळाली दोन दिवस.
एक दिवस समुद्र पाहिला. मी आधी पाहिलाच नव्हता.
कसा वाटला, त्यानं विचारलं.
म्हटलं, नवेगावच्या तळ्याला पलीकडचा काठ नसता, तर असाच.
दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस. आम्ही नुसते झोपलो.

उरलेले दिवस मी एकटी.
नेलेली लाखोळीची डाळ भिजवली, वडे तळले,
छतावरचं धुराचं यंत्र बोंबललं,
वरून नेपाळचे दोघं धावत आले, वडे खाऊन गेले.
बाकी वेळ जिन्यावरचे बूट ऐकले.
वाट पाहायला एवढ्या लांब आले,
हे त्याला सांगितलं नाही.
पण तिथं वाट रोज संपायची.
सहा वाजून दहा मिनिटांनी दार,
दारातून आधी जळक्या लोखंडाचा वास,
मग तो. मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग,
मी ते बोटानं एकेक जोडत बसायची.
एका रात्री सवयीनं म्हणाला,
"यंदा मंडई कशी झाली गावात?"
मी इथं आहे ना रे, म्हटलं.
मग कितीतरी वेळ हसलो,
आणि हसू थांबल्यावर काय करायचं ते सुचेना.

लग्नाचं दोघंही बोललो नाही.
त्याच्या आईला आमच्या घरचं पाणी चालत नाही,
ते तिथंही रोज आमच्यासोबत ताटावर बसायचं.

परतले. वहीत बारा दिवस
बदलीच्या पोराच्या अक्षरात.
सगुणाबाई पैसे मोजता मोजता म्हणाली,
"कोठी गेल्तीस वो बाई? उजरी दिसतेस."
नागपूरचं पानी, म्हटलं.

पंचवीस दिवसांनी थैलीतून एक कार्ड निघालं.
निळं पाणी, एक जहाज, परदेशी तिकीट.
मागे मजकूर नाही. फक्त माझा पत्ता,
आणि कोपऱ्यात काळ्या तेलाचा अर्धा अंगठा.
नत्थूकाका चष्मा कपाळावर चढवून
ते पाहत राहिले.
"नागपुरात एवढं पानी कधी आलं वो?"

मी शिक्का मारला,
जरा जोरातच. कडा पूर्ण उमटली.
मग सहीची वही शोधायला लागले,
टेबलावर, टेबलाखाली, कपाटात.
"साध्या टपालाले सही नाई लागत, बाई,"
काका म्हणाले,
आणि सायकलची घोडी पाडली.