टेबल चार, तेमुको

जूनची थंडी. शहरावर ओल्या सरपणाचा धूर,
आत फॉर्मालिन, डोळ्यांत चुरचुर.
मियाराय चिमटा थांबवते.
"प्रोफेसर, ही कोण?"

हाताच्या मधोमध, मज्जातंतूला बिलगून
एक बारीक धमनी तळव्याकडे निघालेली.

गर्भात आठएक आठवडे घर हीच चालवते.
मग थोरल्या दोघी येतात, किल्ल्या घेतात,
आणि हिनं मुकाट विरून जायचं, अशी रीत.
ही गेली नाही.
एकाहत्तर वर्षं
आपल्या वाट्याचं रक्त पोचवत राहिली.

नाव झाकलेलं. कार्डावर एवढंच: पुरुष, पेशा बेकरी.
पहाटे तीनला पीठ तिंबताना
यांना काय ठाऊक, आत कोण कोण राबतंय.

कोपराखाली आणखी एक उसनवारी:
मधल्या तंतूनं करंगळीकडच्याला
एक धागा दिलेला.
परतफेडीची नोंद नाही.

"मापं घे," प्रोफेसर म्हणतात, "मिलिमीटरमध्ये.
आणि ते 'दोष' खोड. 'भेद' लिही."

बादली घेऊन आलेला नोल्बेर्तो बाही वर सारतो.
"माझीही नाडी जागेवर नसते, पोरी.
नर्स चाचपते, चाचपते,
मग माझ्या तोंडाकडे बघते."

मियाराय हातमोजे काढते, हात धुते.
नेहमीच्या जागी खरंच काही नाही.
मनगटाची कड ओलांडून, अंगठ्याच्या मागे,
उडतेय की!
"हलू नका," ती म्हणते, आणि मोजू लागते.

बादलीतलं पाणी निवत जातं.