निवळी

सत्तरीत पाऊल टाकलं
आणि जॅमच्या बरणीचं झाकण मला हरवू लागलं.

हाल्ब्योर्न गेल्यापासून स्वयंपाक म्हणजे
कॉफी, एक टोस्ट, फार तर उकडलेला बटाटा.
एकटीसाठी मासा कोण शिजवणार?
डॉक्टरीणबाईंनी दंडाला चिमटा काढून पाहिला.
"हाड आहे, कातडी आहे.
मधलं कुठे ठेवून आलात?"

म्हणून सोमवारी आणि गुरुवारी
पोहण्याच्या तलावामागच्या खोलीत
दारिउश मला लोखंड उचलायला लावतो.
तो पोलंडचा. दिवसा मासळीच्या कारखान्यात,
जिथे मी चाळीस वर्षं कॉड सोलला त्याच पट्ट्यावर,
संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा मास्तर.
"पाठ सरळ, स्टेइनुन. खुर्चीत बसतेस तशी खाली जा."
अरे बाबा, खुर्चीतून उठता येईना
म्हणून तर आले.

मग त्याने डबा आणला.
काळा, बादलीएवढा, वर वीज आणि फुरफुरणारा बैल.
एक चमचा भुकटी, पेलाभर पाणी,
बाटलीत तारेचा गोळा.
खडखड खडखड.
व्हॅनिला म्हणे. मला भिंतीचा चुना लागला,
आणि तळाशी गुठळ्या.
"हे औषध नाही," दारिउश म्हणाला, "जादू तर नाहीच.
मासा खा, अंडी खा, त्यावर हे.
आणि वजन उचललं नाहीस
तर नुसतं महागडं दूध."

डब्यामागची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचली.
निवळी.
पाणी काढून वाळवलेली,
जर्मनीहून जहाजाने आलेली
निवळी!

आमच्या गोठ्यामागे तिचं पिंप असायचं.
आई स्कीर फडक्यात बांधून टांगायची,
रात्रभर टपटप, हिरवट पिवळं पाणी.
त्यात हिवाळाभर मेंढी मुरायची,
डोकी, काळजं, रक्ताची सॉसेजं.
गवतकापणीला बाबा तीच पाणी घालून प्यायचे,
मनगटाने मिशी पुसत.
इतकी आंबट की डोळे आपोआप मिटत.
मग डेअरी आली. पिंपात आम्ही बटाटे ठेवले.
निवळी नळीवाटे समुद्रात जाते, असं कुणीसं सांगितलं,
आणि कुणालाच काही वाटलं नाही.

त्या रात्री मी फडकं शोधलं.
सकाळी पाण्याऐवजी घरची निवळी ओतली भुकटीत.
दारिउशने वास घेतला, नाक मुरडलं.
"आमच्या गावी हे डुकरांना घालतात."
"मग ती कशी असतात अंगाने?"
तो विचारात पडला.
"भरलेली," म्हणाला.

मार्चमध्ये उजेड परतला
तसे आम्ही द्युपालोनच्या काळ्या किनाऱ्यावर गेलो.
तिथे चार धोंडे आहेत, कोळ्यांचं बळ जोखायचे.
पुरा बळी, अर्धा बळी, अर्ध्या वाट्याचा,
आणि शेवटचा, तेवीस किलोचा, त्याचं नाव दुबळा.
लहानपणी बाबांनी मला त्याच्यावर बसवून
पाव खायला दिला होता.
उचलून बघ, असं कुणी म्हटलं नव्हतं.
मुलगी होते.

पाठ सरळ. खुर्चीत बसते तशी.
धोंडा ओला, बर्फासारखा, धरायला कान नाही.
घोट्यापर्यंत आला. गुडघ्यापर्यंत.
पोटाशी धरला तेव्हा
कोटाचं बटण तुटून वाळूत पडलं.
कट्ट्यावर काही ठेवता आला नाही.
मोजलं नव्हतं, पण एक लाट येऊन
परत जाईपर्यंत तो माझ्याकडे होता.

मग दारिउश अर्ध्या बळीकडे वळला,
बाह्या सारून, जरा रुबाबात.
तीनदा वाकला. तीनदा
धोंडा जागचा हलला नाही.
तो लालबुंद होऊन वाळूत बसला,
पोलिशमध्ये धोंड्याच्या आईविषयी काही बोलला.

मी बाटली हलवून त्याच्यापुढे धरली.
"आंबट आहे," म्हटलं.
"गुठळ्या चावून खा."