जुडग्यातली अकरावी किल्ली

प्रेशोवच्या हॉटेलात, तळमजल्यावर,
आम्ही चोवीस मुख्याध्यापक, गळ्यात नावाच्या पट्ट्या,
बशीत मनुके घातलेली बिस्किटं.
मला वाटलं, नेहमीसारखे तक्ते दाखवतील,
मी नेहमीसारखी मान हलवीन.

झानेता चोंकोवा आली. तक्ते नव्हते.
म्हणाली, "किल्ल्या काढा. टेबलावर ठेवा.
एकेक उचला आणि सांगा,
हिनं कुणासाठी दार उघडतं?"

सतरा होत्या माझ्या.
प्रयोगशाळा, भांडार, माझी खोली,
माझ्या खोलीतलं कपाट, कपाटातला खण.
अकरावी हातात घेतली आणि अडले.

मागचा दरवाजा. ओढ्याकडचा.
रोमा वस्तीतली मुलं तिथून येतात.
म्हणजे, यायची.
आधीच्या सरांनी तो बंद केला, चिखल होतो म्हणून.
मी आले, आणि बंदच राहू दिला.
नऊ वर्षं ती किल्ली वागवली
आणि दर सप्टेंबरात भाषणात म्हणाले,
आमचं दार सगळ्यांना सारखंच.

सारखंच होतं. पुढचं.
त्यांना दीड किलोमीटरचा वळसा.

"उशिराची वही कोण लिहितं?"
मीच. लाल शाईनं. अक्षर चांगलं आहे माझं.
एक नाव तर डोळे मिटून लिहीन:
रिकार्दो, सहावी ब, आठ वाजून अकरा मिनिटं.

झानेता रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
एवढंच म्हणाली, "मीही ब मध्येच होते.
ब च्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, बघा जाऊन."

उत्तरेला.
नऊ वर्षांत मी त्या वर्गात
स्वेटर काढून कधी बसलेच नव्हते.

सोमवारी कुलूप हटेना. गंजलेलं.
शिपाई मिखाल तेलाची बाटली घेऊन आला, पुटपुटत,
"पुसायला मीच आहे ना."
त्याचंही खरं होतं.
पावणेसातला दार उघडलं.

कुणी आलं नाही.
मंगळवारी नाही, बुधवारी नाही.
वळसा पायांना पाठ झालेला.
मी दारात उभी, हातात थंड झालेला चहा,
आणि मनात, कबूल करते, थोडा राग:
उघडलं तरी येत नाहीत.

गुरुवारी एक मुलगी आली, हाताशी धाकटा भाऊ,
काखेत बूट, अनवाणी ओले पाय.
उंबऱ्याशी थबकली.
"बाई, आज इथून यायची शिक्षा आहे का?"

याचं उत्तर त्या तीन दिवसांत
कुणी शिकवलं नव्हतं.
मी बाजूला झाले.

चिखल झाला.
चार पावलांएवढा.