फळ्यावरचा मासा

जानेवारीत इथे वाळूलाही रिझर्व्हेशन लागतं.
ब्यूनस आयर्सहून माणसं येतात, साव पावलोहून येतात,
तागाचे पांढरे कपडे, सुरकुत्यासुद्धा विकत घेतलेल्या,
आणि अनवाणी.
अनवाणी यायला किती पैसे पडतात
ते मला एकोणीस उन्हाळे शेगडीपाशी उभं राहून कळलं.

नेलिदाचं हॉटेल म्हणजे काय,
फुटक्या होडीच्या फळ्या, कॅनव्हासचं छप्पर,
पंधरा टेबलं, आणि दारात एक काळा फळा.
त्यावर रोज खडूने: आजचा मासा.
त्याखाली: आदेमारच्या होडीतून.
अक्षर माझं. नेलिदाचं तिला स्वतःलाच लागत नाही.

आदेमार मागच्या दाराने यायचा,
साडेपाचला, रबरी बुटांतून पाणी गळत,
खांद्यावर पेटी, पेटीत कोर्विना,
कल्ले इतके लाल की आत्ताच कुणी शिवी दिल्यासारखे.
वजन करताना तो तराजूच्या काट्याकडे बघायचा नाही,
माझ्याकडे बघायचा.
मग एकाच नळीतून आळीपाळीने माते,
आणि बोलणं काय, तर वारा.

पुढच्या बाजूला मेणबत्त्या होत्या, पातळ काचेचे पेले होते.
तिकडे तो कधी गेला नाही.
कुणी अडवलं नव्हतं. तेच तर.

मार्च सरला. छत्र्या मिटून गोदामात गेल्या.
शेवटच्या रविवारी नेलिदा म्हणाली, आज तू बस.
नऊ नंबर, दीपस्तंभाकडे तोंड असलेलं,
ज्यासाठी डिसेंबरात बँकांचे मालक गयावया करतात.
केस पाण्याने चापून बसवलेले,
शर्टावर घड्यांच्या रेघा,
बायकोने घातलेल्या असणार, ती होती तेव्हा.

मी ताट पाठवलं. कातडी कुरकुरीत,
लिंबू, बाजूला शेवाळाची भजी,
सगळ्यांना देते तेच.

त्याने काटाचमचा बाजूला सारला,
अंगठ्याने तुकडी उकलली,
वास घेतला, एक घास खाल्ला,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

चार दिवस वारा दक्षिणेचा होता.
चार दिवस त्याची होडी वाळूवर पालथी.
आणि फळ्यावर चारही दिवस
आदेमारच्या होडीतून.

पुसायला विसरले म्हणू?
एकोणीस उन्हाळ्यांत वारा किती दिवस पिसाळला असेल,
करा हिशेब.
बर्फाच्या खोक्यातला, भलत्याच बंदराचा मासा
लोक डोळे मिटून खायचे
आणि म्हणायचे, वा, इथल्या समुद्राची चवच वेगळी.

त्याने सगळं संपवलं. भजीसुद्धा.
मग स्वतःचं ताट उचलून, पूर्ण वळसा घालून,
मागच्या दाराने आत आला.
"मीठ बरोबर आहे," म्हणाला.
ताट धुतलं, पालथं घातलं.
"कुठला?"
मी सांगितलं.
"लांबून आला बिचारा."

रात्री वारा फिरला.
हॉटेल बंद, खायला कुणी नाही,
तरी साडेपाचला मी मागचं दार उघडं ठेवलं,
पाणी तापत ठेवलं.
तो आला. पेटी खाली ठेवली.
चांगले मासे होते, गाबोळीने फुगलेले.

वजन करताना
तो काट्याकडे बघत होता.